पांढऱ्या खुणेच्या तीन रेघा पुढे

६ जानेवारी

प्रिय मामा,

पत्र बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. फोनवर तुझ्याशी बोलायचं म्हणजे मी ओरडायचं, तू ‘काय?’ म्हणायचं आणि शेवटी मामीने मधे पडून दोघांचे निरोप इकडून तिकडे पोचवायचे. चाळीस वर्षं इंजिनांना कान लावलेस, आता माणसांसाठी कान उरले नाहीत. म्हणून लिहायला बसले.

टीममध्ये येऊन चार महिने झाले. एक लांबच लांब शेड आहे. पाच स्टँडवर पाच मोटरसायकली आणि त्यांच्या आम्ही पाच मालकिणी. भिंतीवर प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा काढून ठेवलीय, त्यामुळे कुठला पाना जागेवर नाही ते लगेच कळतं. तुझ्या गॅरेजमध्ये असं केलं तर भिंतीवर नुसत्या रिकाम्या रेषाच दिसतील! मागे मैदानात दगड, ओंडके, सिमेंटचे पाइप रचून ठेवलेत. दिवसभर त्यावरून गाडी चढवायची, उतरवायची, जागच्या जागी वळवायची. शेजारच्या काकू मागे विचारत होत्या ना, ‘शर्यतीत कितवी येते?’ त्यांना पुन्हा एकदा सांग, ट्रायलमध्ये वेगाने कुणी जिंकत नाही. पाय जमिनीला टेकला की दंडाचा गुण. ज्याचे गुण कमी, तो मोठा. शून्य मिळालं तर पेढे वाटायचे.

टीमने मला नवी गाडी दिली. पण घाबरू नकोस, हँडल तुझंच आहे. जुन्या गाडीवर तू क्लॅम्पपाशी पांढऱ्या रंगाचा जो ठिपका दिला होतास, त्याचा कोन मी कागदावर उतरवून, ओळंबा सोडून, नव्या गाडीवर जसाच्या तसा बसवून घेतला. तसाच पांढरा ठिपका दिला. आमचा फिटर हसत होता. हसू दे. मी सगळ्यांना सांगितलंय, माझ्या हँडलला कुणी हात लावायचा नाही, ती दहाबाराची खूण आहे. खिशात कायम दहा-बाराचा पाना, म्हणून गल्लीने तुला दिलेलं नाव आता इथेही सगळ्यांना पाठ झालंय. गिऱ्हाईक फाटकातून चालत आत येईपर्यंत ज्याच्या मनात त्याचं हँडल ठरलेलं असायचं, असा माणूस यांनी पाहिलेला नाही. इथे मोठमोठे लोक येतात, मामा, पण तुझ्यासारखी नजर कुणाला नाही. हे तोंडावर सांगितलं असतं तर तू उठून गेला असतास, म्हणून पत्रात सांगतेय.

मामीला नमस्कार. तुझ्या कानांना सुद्धा.

तुझी,
खार

ता. क. मनगटाला पट्टी बांधते हल्ली. इथे सगळ्याच बांधतात, फॅशन आहे.


१४ जानेवारी

प्रिय खारे,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. एकदा मजकुरासाठी, एकदा अक्षरासाठी.

मजकूर छान आहे. माझी इतकी स्तुती आहे की मामीने ते कपाटात कुलूप लावून ठेवायचं म्हटलंय, नाहीतर मी गल्लीत वाचून दाखवेन. पण अक्षराचं काय? तू शाळेत असताना तुझी शिरोरेषा म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पट्टीने मारल्यासारखी. या पत्रात पहिल्या चार ओळी बऱ्या आहेत. मग रेषा तुटायला लागते. दर तीन अक्षरांनी पेन उचललंयस. दुसऱ्या पानावर तर शब्द उताराला लागलेत. आणि शेवटी पट्टी म्हणे फॅशन! मला ऐकू येत नाही, पण दिसतं अजून.

कुठलं मनगट? किती दिवसांपासून? सकाळी जास्त की गाडी चालवल्यावर? बोटांना मुंग्या येतात का, आणि कुठल्या बोटांना? हातचं राखून लिहू नकोस. इंजिन खोटं बोलत नाही, म्हणून ते दुरुस्त होतं.

एक कर. गाडी सपाट जागेवर दोघींना धरायला सांग आणि फुटरेस्टवर उभी राहा, दगड चढताना राहतेस तशी, गुडघे थोडे वाकवून. कुणाला तरी बाजूने फोटो काढायला सांग आणि मामीच्या फोनवर पाठव.

तुझा,
मामा


२३ जानेवारी

प्रिय मामा,

पकडलंस. पत्र मामीच्या अक्षरात आहे, हे मीही पकडलं. म्हणजे तू खुर्चीत पसरून सांगतोयस आणि ती बिचारी लिहितेय. काय थाट आहे!

आता खरं सांगते. डावं मनगट, लिहिण्याचंच, अडीच महिन्यांपासून. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गाडीवरून उतरल्यावर तासभर माझं नसतंच. मागच्या आठवड्यात हातातून कप पडला. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, मनगट तासन्‌तास वर मुडपलेलं राहतं आणि नस दाबली जातेय. आधी तीन आठवडे पूर्ण आराम. त्यानंतर मनगट मुडपण्याचं कारण गेलं तर गाडीवर बसा, नाही गेलं तर गाडी सोडा. नाहीतर बोटांची ताकद परत येणार नाही. अगदी शांतपणे म्हणाल्या, जणू चहात साखर किती ते विचारत होत्या.

मार्चच्या २६ तारखेला निवड आहे. पाचांतल्या दोघी देशाच्या टीममध्ये जातील. पुढच्या वर्षी माझं वय बसणार नाही. म्हणजे हीच वेळ, आणि हीच शेवटची. मामा, मला भीती वाटतेय. दगडांची कधी वाटली नाही.

फिटर दोनदा म्हणाला, हँडल फिरवून बघू. मी त्याच्यावर ओरडले. तुझ्या खुणेवर मी सात वर्षांत अकरा कप घेतलेत, आता दुखलं म्हणून ती हलवायची? नाचता येईना अंगण वाकडं, असं झालं ते. चूक माझ्या हातात असणार.

फोटो पाठवलाय. तूच ये ना इथे. दोन दिवस ये. तू नुसता गाडीभोवती फेरी मारलीस तरी मला कळेल काय करायचं ते.

तुझी,
खार


१ फेब्रुवारी

प्रिय खारे,

फोटो पाहिला. मामीच्या फोनवर बोटांनी मोठा करून करून पाहिला. आधी तुला रागावतो, मग स्वतःला.

नव्या गाडीची फुटरेस्ट जुन्या गाडीपेक्षा दोन बोटं वर आहे. म्हणजे तू दोन बोटं उंच झालीस, आणि हँडल आहे तिथेच. तुझा हात खांद्यातून खाली येतोय आणि लिव्हर वर आभाळाकडे बघतायत. क्लचवर एक बोट ठेवायला तुला दर वेळी मनगट मोडून पंजा वर न्यावा लागतोय. दिवसातून हजार वेळा. कुठलीही नस रडेल. कोन जसाच्या तसा आणलास म्हणे! अगं, गाडी बदलली, तू बदललीस, मग कोन कसा तोच राहील? बाळपणीचा सदरा शिंप्याकडे नेऊन मापाला दिलास तू.

आता माझं. हे वाचून तू मला काय म्हणशील ते मला ठाऊक नाही, पण लिहून टाकतो.

ती खूण बरोबर नव्हती. कधीच नव्हती. आठवतंय, सतरा वर्षांची होतीस आणि गुडघ्याचं प्लास्टर नुकतंच निघालं होतं? गुडघा वाकत नव्हता. पुढे झुकता येत नव्हतं, काठीसारखी उभी राहायचीस. म्हणून मी हँडल तुझ्याकडे, मागे घेतलं. पंधरा दिवसांची सोय होती ती. गुडघा मोकळा झाला की पुढे ढकलायचं, म्हणून कुठून ढकलायचं ते कळावं यासाठी पांढरा ठिपका दिला. आणि त्या पंधरा दिवसांतच तू पहिला कप घेऊन आलीस. ठिपका सगळ्यांना दाखवत सुटलीस, ‘मामाची खूण, मामाची खूण’. तू तिला काळ्या दगडावरची रेघ समजलीस आणि ती नुसती खडूची होती.

तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. कारण मला आवडलं, खारे. चाळीस वर्षं लोकांची हँडलं लावली, पण त्यावर माझं नाव घेऊन कुणी मिरवलं नव्हतं. दर वर्षी ठरवायचो, आता सांगू. मग तू आणखी एक कप आणायचीस आणि मी गप्प बसायचो. जुन्या गाडीवर निभावून गेलं. नव्या गाडीने माझं पितळ उघडं पाडलं.

पण एक गोष्ट मला रोज आठवते. सात वर्षं तू चुकीच्या हँडलवर जिंकलीस. अकरा कप. जिथे दुसऱ्याची गाडी आधीच आडवी झाली असती, तिथे तू नुसत्या अंगाच्या तोलाने उभी राहिलीस. मी कौतुक करण्यातला माणूस नाही, पण असला तोल मी दुसऱ्या कुणात पाहिलेला नाही.

आता काम. डॉक्टरीण बाई सांगतील तितका आराम पूर्ण घे, एक दिवसही कमी नाही. गाडी नंतर. मग असं कर:

फुटरेस्टवर उभी राहा. डोळे मिट. हात हँडलवरून काढ, खाली सोड, हलव. पुन्हा वर आण आणि हवेत, जिथे हाताला बरं वाटतं तिथे थांबव. मैत्रिणीला सांग, माझी मूठ आणि हँडलची मूठ यांत किती अंतर आहे ते बघ. मग क्लॅम्पचे चार बोल्ट सैल कर, काढू नकोस. हँडलवर बारीक रेघा कोरलेल्या असतात. एका वेळी एकच रेघ पुढे. पुन्हा उभी राहा, पुन्हा डोळे मिट. फोटोवरून मला तीन रेघा वाटतात, पण माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, हातावर ठेव. फार पुढे गेलं तर अंगाचा भार पुढच्या चाकावर येईल आणि उतारावर गाडी तुला टाकून देईल, ते लक्षात असू दे.

क्लच-ब्रेकच्या लिव्हर त्यानंतर वेगळ्या फिरवून लाव. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एक सरळ रेष आली पाहिजे, तुझ्या जुन्या शिरोरेषेसारखी. बोल्ट आवळताना थोडा हा, थोडा तो, असे फिरून फिरून आवळ, आणि क्लॅम्पची फट दोन्हीकडे सारखी ठेव. शेवटी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघ, वायर ताणत नाही ना.

हे सगळं तू स्वतः करायचं. फिटरला जवळ उभं कर, पण पाना तुझ्या हातात. मला येणं जमणार नाही. गॅरेज आहे, गुडघा आहे, बरीच कामं आहेत. उंटावरून शेळ्या हाकतोय असं म्हण हवं तर.

तुझा,
मामा


३ फेब्रुवारी

खारूबाळ,

हे पत्र माझं. ते दुपारी झोपलेत, तेवढ्यात लिहितेय. त्यांना सांगू नकोस.

ते येत नाहीत ते गॅरेजमुळे नाही. गॅरेजचं शटर सव्वा वर्ष झालं उघडतं, पण काम होत नाही. त्यांचे हात कापतात. आधी थोडे कापायचे, आता पाना बोल्टवर बसतच नाही. औषध चालू आहे. म्हणून पत्रं मी लिहिते, थाट म्हणून नाही. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ म्हणतात आणि हात खिशात घालून गल्लीत फिरतात. तू सांगशील ‘तूच लाव’, आणि सगळ्यांसमोर तो बोल्ट त्यांच्या हातून निसटेल, याला घाबरतात ते. तू त्यांना ज्या डोळ्यांनी बघतेस ना, ते डोळे त्यांना गमवायचे नाहीत.

पण तुझा फोटो आला आणि हा माणूस वर्षाने पहिल्यांदा सकाळी उठून अंघोळ करून गॅरेजमध्ये गेला. तुझी जुनी गाडी बाहेर काढली. मला म्हणाले, चढ. माझं वय एकसष्ट. मी फुटरेस्टवर डोळे मिटून उभी, आणि हे खालून मला गाडीसकट धरून, ‘हात सोड, हलव, आता वर आण.’ बोल्ट मी सैल केले, मी आवळले. त्यांनी सांगितलेली एकेक ओळ आधी माझ्यावर करून पाहिलेली आहे. समोरच्या शिंप्याने विचारलं, ‘काय चाललंय?’ तर हे म्हणतात, ‘भाचीला पत्र लिहितोय.’

खोटं नाही सांगत, मजा आली. आणि आता मला बाराचा पाना कुठला आणि तेराचा कुठला ते न बघता कळतं.

तू मनगटाला जप.

मामी


२८ फेब्रुवारी

प्रिय मामा,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी दुपारपर्यंत तुझ्यावर रागावले होते. संध्याकाळी राग संपला आणि हसू आलं. सात वर्षं तुला ते आवडत होतं आणि तू एकदाही चेहऱ्यावर दिसू दिलं नाहीस! पडलो तरी नाक वर, ते तुझ्याकडूनच माझ्यात आलंय.

तीन आठवडे पूर्ण आराम केला. गाडीला हात लावला नाही. मैदानाच्या कडेला बसून बाकीच्यांना बघायचे. आणि मामा, बघता बघता मला तुझ्यासारखं दिसायला लागलं. एकीचं कोपर आत येतं. दुसरी वळताना खांदा उचलते. आधी मला फक्त चाक आणि दगड दिसायचा.

डॉक्टरीण बाईंनी परवानगी दिली तेव्हा हँडल लावलं. मी, स्वतः. फिटर हात मागे बांधून उभा होता. मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हँडलचे बोल्ट सैल केले, विचार कर! पहिली रेघ पुढे घेतली, डोळे मिटले, नाही. दुसरी, जवळपास. तिसऱ्या रेघेला हात हवेतून खाली आले आणि हँडल जिथे असायला हवं तिथे होतं. मी चौथीही करून बघितली, कारण तू म्हणालास तुझ्यावर विश्वास ठेवू नकोस. चौथीला उतारावर पुढचं चाक जड झालं. परत तिसरीवर आणलं. फोटोवरून, इतक्या लांबून, तू तीन म्हणालास आणि तीनच निघाल्या. फिटरने विचारलं, ‘हे कुणी सांगितलं?’ मी म्हटलं, ‘उंटावर बसलेल्या माणसाने.’

मग पांढरा ठिपका पॉलिश पेपरने घासून काढला. रडले. फिटर भला माणूस आहे, मुद्दाम दुसरीकडे बघत राहिला.

बोटांच्या मुंग्या अजून पूर्ण गेल्या नाहीत. पण काल दोन तास चालवूनही कप हातात राहिला.

तुझी,
खार


२७ मार्च

प्रिय मामा आणि मामी,

काल झालं.

पंधरा टप्पे होते. चौदाव्यापर्यंत मी तिसरी होते. शेवटचा टप्पा ओल्या कातळाचा, वर पोचल्यावर एका टेबलाएवढ्या जागेत गाडी पूर्ण वळवायची आणि पलीकडे उतरायचं. माझ्या आधीच्या दोघींनी तिथे पाय टेकले. मी नेहमीसारखी पायी फिरून टप्पा पाहून आले. मग गाडीवर चढले, उभी राहिले आणि हात सोडले. हलवले. पंच बघत राहिले, त्यांना वाटलं ही प्रार्थना करतेय. हात परत खाली आले आणि मूठ मुठीवर बसली.

वर गेल्यावर हँडल पूर्ण वळवलं. याच क्षणाला आधी मनगट मोडायचं आणि बोट क्लचवर बहिरं व्हायचं. काल बोटाला क्लच कळत होता, त्याची कडा कळत होती, त्यातली थरथर कळत होती. पाय टेकला नाही. शून्य.

पाचांत दुसरी. जाणार दोघी, त्यातली एक मी. पेढे वाटा.

आता एक काम. आमच्या प्रशिक्षक मॅडमनी तुझी पत्रं वाचली. मी दिली, विचारलं नाही, रागाव हवं तर. त्या म्हणाल्या, जाण्याआधी पाचही गाड्या या माणसाने बघायला हव्यात. मी म्हटलं, तो बोल्ट आवळणार नाही. त्या म्हणाल्या, आवळणारे इथे पायलीचे पन्नास आहेत, बघणारा एकही नाही.

मामा, मला सगळं माहीत आहे. कुणी सांगितलं ते विचारू नकोस आणि मामीकडे बघू नकोस. तू मला अडीच महिने मनगट लपवल्याबद्दल रागावलास आणि स्वतः सव्वा वर्ष हात खिशात घालून फिरतोस? मी तुझ्या हातांचं कौतुक कधी केलंच नव्हतं. पहिलं पत्र काढून वाच. नजर, असं लिहिलंय मी.

मामीला पान्यांसकट घेऊन ये.

तुझी,
खार


४ एप्रिल

खारे,

हे मी लिहितोय. मी स्वतः. सकाळपासून बसलोय, अजून एवढंच झालं.

पहिलं पत्र काढलं. नजरच लिहिलंय.

बुधवारच्या गाडीने येतो. मी बघेन, मामी फिरवेल. तिने बाराचा आणि तेराचा पाना आत्ताच पिशवीत भरलाय, चार दिवस आधी.

शिरोरेषा बघ कशी आलीय. मामी म्हणते, द्या, मी नीट लिहून देते. म्हटलं नको. खारीलाही आता रेषा वाचता येते, असंच जाऊ दे.

दहाबारा